ठेव कोणाची, कर्ज कोणाला? : गावची बँक आणि समाजातील आर्थिक अंतर

(देवस्थानच्या वार्षिकोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘महाजन’ या एकाच शब्दाला या देशात दोन अर्थ आहेत. गोमंतकात महाजन म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरेने चालत आलेला घटक. देवाच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा हिशेब पाहण्याचा ज्याला अधिकार आहे, तो. उत्तर हिंदुस्थानात मात्र याच शब्दाने सावकार ओळखला जातो. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. गावाची शिल्लक विश्वासाने ज्याच्यापाशी ठेवावी आणि अडल्यानडल्या वेळी पैशासाठी ज्याचे दार ठोठवावे, तो गृहस्थ जुन्या काळी पुष्कळदा एकच असे. आज ही दोन्ही कामे बँकेकडे गेली आहेत. तेव्हा गावात बँक आल्याने श्रीमंत आणि गरीब यांच्यातील अंतर कमी होते की वाढते, हा प्रश्न ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक धनाचा सांभाळ केला त्यांच्यापुढे मांडणे उचितच होय. बँक गावात आहे एवढ्यावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तिच्यात ठेव कोणाची पडते आणि तिच्यातून कर्ज कोणाला मिळते, हे पाहिल्यावरच ते सापडते.

प्रथम साधा हिशेब पाहावा. एका मासळीविक्रेत्या बाईला धंद्यासाठी वीस हजार रुपये हवे आहेत. तारण नाही, जामीन नाही. म्हणून ती खाजगी सावकाराकडे जाते आणि दरमहा शेकडा ३ दराने रक्कम उचलते. वर्षभर मुद्दल फिटले नाही, तर तिला ७,२०० रुपये केवळ व्याजापोटी द्यावे लागतात. हीच रक्कम बँकेने सालिना १२ टक्क्यांनी दिली असती, तर व्याज २,४०० रुपये झाले असते. म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये ती जास्त भरते. तिच्या कष्टात उणे होते म्हणून नव्हे, तर बँकेच्या दप्तरी तिला पत नव्हती म्हणून. त्याच गल्लीतील दुसऱ्या घरी वीस हजार रुपये मुदतठेवीत पडलेले असतील आणि व्याज ६ टक्के असेल, तर त्या घराला काही न करता १,२०० रुपये मिळतात. दोन घरांच्या मिळकतीत मुळात असलेले अंतर व्याज अशा रीतीने दरवर्षी वाढवीत नेते. पैसा पैशाला ओढतो ही म्हण अर्थशास्त्रज्ञांनी नव्हे, गरिबांनी घडविली आहे.

हे दुखणे जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरले. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. त्या कायद्याने सावकाराचा हात काही अंशी धरला खरा. परंतु पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती बियाण्याचे पैसे ठेवण्याची शक्ती कोणत्याही कायद्यात नसते. सावकाराला बंदी घालणे आणि सावकाराची गरज नाहीशी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो या उणिवेतूनच.

कायद्याची वाट न पाहता बडोद्याच्या मराठी मंडळींनी हा मार्ग त्यापूर्वीच चोखाळला होता, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यास ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. भारतातील नागरी सहकारी पतव्यवहाराचा आरंभ तीपासून मानतात. मध्यम स्थितीतील नोकरदार एकत्र आले, त्यांनी थोडीथोडी रक्कम जमविली आणि तीच आपसांत कर्जाऊ दिली. मुंबईत २७ डिसेंबर १९०६ रोजी श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी ‘श्यामराव विठ्ठल’ या नावाने पतसंस्था काढली, आणि १४ सप्टेंबर १९१८ रोजी ‘सारस्वत’ संस्थेचा जन्म झाला. घरातील लग्नकार्य, आजारपण, जुन्या कर्जाची फेड या अडचणींत सापडलेल्या ज्ञातिबांधवाला सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा अशा संस्थांचा मूळ हेतू होता.

या संस्था तगल्या त्या भांडवलाच्या बळावर नव्हे, तर माहितीच्या बळावर. परक्या बँकेचा अधिकारी तारण मागतो, कारण माणसाची त्याला ओळख नसते. उलट समितीवरील गृहस्थाला ठाऊक असते की, अमका कारकून पगारात तोकडा असला तरी शब्दाचा पक्का आहे, आणि तमका दिसण्यात भारदस्त असला तरी तीन ठिकाणी देणे करून बसला आहे. ही माहिती फुकट मिळते आणि तारणापेक्षा खरी असते. स्थानिक बँकेचे जे काही सामर्थ्य आहे, ते सारे यात आहे. ज्याच्यापाशी सोने नाही, जमीन नाही, पण नेकी आहे, त्याच्या नेकीचे ती पतीत रूपांतर करू शकते. असे झाले म्हणजे समाजातील अंतर खालच्या बाजूने मिटू लागते.

तथापि याच सामर्थ्याच्या पोटी एक मर्यादाही दडलेली आहे. माहिती ओळखीतून येते, आणि ओळख आपल्या वर्तुळापुरती असते. ज्या ज्ञातीत चार शिकलेले आणि चार मिळवते होते, तिने आपली बँक उभारली आणि तिच्यातील गरीब वर चढले. परंतु ज्या ज्ञातीत मिळवतेच कोणी नव्हते, तिने ठेव कोणाची गोळा करावी आणि समिती कोणाची नेमावी? म्हणजे वर्तुळाच्या आतील अंतर कमी झाले, पण वर्तुळाच्या आतले आणि बाहेरचे यांच्यातील अंतर रुंदावले. यांपैकी ज्या संस्थांनी पुढे आपली दारे सर्वांस खुली केली, त्यांनी केवळ व्यापार वाढविला असे नव्हे. मूळच्या उद्दिष्टाला त्यांनी पूर्णत्व आणले.

गोमंतकाची कहाणी यापेक्षा निराळी आहे. येथे ‘बांको नासियोनाल उल्त्रामारिनु’ या पोर्तुगीज बँकेची शाखा १८६८ साली आली. आधुनिक बँक येण्यास गोव्याला मुळीच उशीर झाला नाही. पण तिची मालकी लिस्बनला, धोरण लिस्बनचे, आणि सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध यायचा तो बहुधा दागिना गहाण ठेवण्यापुरता. त्या बाईची अब्रू कशी आहे, तिचा मुलगा कामसू आहे की नाही, हे विचारण्याचे त्या बँकेला कारणच नव्हते. पाटली काट्यात किती भरते एवढे तिला पुरे होते. ज्याच्या घरी सोने नव्हते त्याच्या दृष्टीने ती बँक असून नसल्यासारखी होती.

असा माणूस कोण होता? तो प्रायः मुंडकार होता. भाटकाराच्या जमिनीवर त्याची झोपडी. झाडाची राखण करायची, सांगेल ते काम करायचे आणि आजारपणात भाटकारापाशीच हात पसरायचा. राहत्या घराखालची जमीन त्याच्या नावावर नसल्याने तो ती तारण लावू शकत नव्हता; तारण नसल्याने कर्ज नव्हते; कर्ज नसल्याने भाटकारावाचून गती नव्हती. पुष्कळ भाटकार दयाळू होते आणि त्यांनी मुंडकाराच्या मुलीची लग्नेही लावून दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दया ही पत नव्हे. दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. पत ही घेणाऱ्याची स्वतःची असते. महाजन घराण्यांपैकी अनेक घराणी भाटकारांची होती, म्हणून हा भेद येथे स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याच सुमारास एक विलक्षण प्रकार घडला. गोमंतकीयांनी त्या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने बँकेने मुक्तीपूर्वीच लिस्बनला हलविले होते. मंगळसूत्रे, पाटल्या, गोठ अशा घराघरांतील चिजा समुद्रापार गेल्या, आणि त्या परत यावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत गहाण ठेवणारे कित्येक जण निवर्तले होते. या प्रकरणाकडे केवळ राजकीय अन्याय म्हणून पाहिले जाते. पण त्यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. ज्या बँकेची मुळे गावाच्या मातीत नसतात, तिच्या तिजोरीत गावाची चीजवस्तू असू शकते, पण वेळप्रसंगी ती तिजोरी कोठे जाईल यावर गावाची सत्ता नसते.

मुक्तीनंतर दोन बाजूंनी बदल झाला. एका बाजूस १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्यातील दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याला व घरात राहणाऱ्याला हक्क दिले. दुसऱ्या बाजूस भारतीय बँकांच्या शाखा गावोगावी आल्या. उडुपी येथे १९२५ साली स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ पासून ‘पिग्मी’ ठेवीची प्रथा सुरू केली होती. बँकेचा माणूस रोज दारी येऊन दोन आणे घेऊन जाई. २०२० साली ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द गोमंतकातील दुकानदार आणि बाजारकरणी यांच्या तोंडी अजूनही आहे. या योजनेचे महत्त्व बचतीपुरते नाही. जो माणूस रोज नेमाने दोन आणे देतो, त्याची नेकी बँकेच्या पुस्तकात आपोआप लिहिली जाते. पतीचा तो पहिला दाखला होय.

देशपातळीवर पाहता, १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले होते की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळी देशात ८,२६२ शाखा होत्या आणि दर शाखेमागे सुमारे ६५ हजार लोकसंख्या पडत असे. १९७७ साली असा नियम झाला की, बँक असलेल्या गावी एक शाखा काढावयाची, तर बँक नसलेल्या चार गावी शाखा काढल्या पाहिजेत. हा नियम १९९० पर्यंत चालला, आणि तोवर दर शाखेमागील लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास आली.

या विस्ताराचा परिणाम काय झाला, याचा अभ्यास रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केला. ग्रामीण भागात शाखा उघडल्याने तेथील दारिद्र्य घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अर्थात याची किंमतही मोजावी लागली. पुष्कळ कर्जे थकली, आणि सरकारच्या हुकमाने दिलेले कर्ज परत करावयाचे नसते, अशी समजूत काही भागांत रूढ झाली. कर्ज बुडविणाऱ्यांत गरिबांबरोबर सधनही होते, आणि सधनाने बुडविलेले कर्ज हे गरिबाच्या ठेवीतून सधनाला दिलेले दान ठरते. शाखा उघडणे हे सरकारला हुकमाने करता आले. माणूस पारखणे हुकमाने करता येत नाही.

आता गोमंतकाच्या आजच्या स्थितीकडे वळावे. येथे बँकांच्या शाखांची वाण नाही आणि ठेवींची तर नाहीच नाही. परदेशी नोकरी करणाऱ्यांचा पैसा, पेन्शनी, जमीनविक्रीची रक्कम असे सारे येथील बँकांत येऊन पडते. परंतु शंभर रुपयांच्या ठेवीमागे त्याच प्रदेशात किती रुपये कर्जाऊ दिले जातात, हे पाहू गेल्यास गोव्याचे प्रमाण कित्येक वर्षे देशाच्या सरासरीहून फार खाली राहत आले आहे. याचा अर्थ असा की, येथे साठलेला पैसा मोठ्या प्रमाणात दुसरीकडच्या उद्योगांना पुरविला जातो. ठेवीदाराला त्याचे व्याज मिळते आणि तो संतुष्ट असतो. पण शेजारच्या वाड्यावरील सुताराला यंत्र घेण्यास, रापणकाराला होडी दुरुस्त करण्यास, अथवा एखाद्या मुलीला शिवणाचे दुकान थाटण्यास ती रक्कम मिळत नाही. ठेवी असणारे घर आणि नसणारे घर यांतील अंतर अशा वेळी बँकेच्या अस्तित्वानेही भरून येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग सर्व बँका गावच्याच असाव्यात, बाहेरच्यांस मज्जाव करावा. हा उपायही निर्दोष नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत बँकांना शाखा काढण्यास पूर्वी बंधने होती; त्यामुळे गावच्या छोट्या बँकेला प्रतिस्पर्धी नसे. १९७० नंतरच्या सुमारे पाव शतकात ही बंधने क्रमाने उठली. थॉर्स्टन बेक, रॉस लेव्हिन आणि अॅलेक्सी लेव्हकोव्ह यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, बंधने उठल्यावर त्या राज्यांतील उत्पन्नाची विषमता कमी झाली, आणि तीही श्रीमंतांचे उत्पन्न घटून नव्हे, तर खालच्या थरातील लोकांचे उत्पन्न वाढून. ज्या स्थानिक बँकेला स्पर्धा नसते ती ओळखीच्या चार घरांची बँक होऊन बसते, हे यावरून ध्यानी यावे. स्थानिकता हा गुण आहे, पण तो आपोआप फळत नाही.

आपल्याकडे याचे कटू अनुभव आले आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये म्हापशाच्या आणि २०२१ च्या जुलैमध्ये मडगावच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ज्या बडोद्याच्या मंडळीपासून सहकाराचा उगम झाला, तिचाही परवाना या शतकाच्या पहिल्या दशकात गेला. सहकारी बँक बुडते तेव्हा सर्वांचे नुकसान सारखे होत नाही. ज्याची आतपर्यंत ओळख असते त्याला कुणकुण आधी लागते व तो आपली ठेव वेळीच काढून नेतो. ज्याची ओळख नसते तो दार बंद झाल्यावर रांगेत उभा राहतो. ठेवविम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली हे चांगलेच झाले. पण भागभांडवलाला विमा नसतो, आणि मधल्या काळात अडकून पडलेल्या पैशामुळे ज्याचे औषधपाणी थांबले, त्याची भरपाई कोणताही विमा करीत नाही. संचालकांनी स्वतःस व नातलगांस कर्जे देण्यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००३ पासून निर्बंध घातला. असा निर्बंध घालावा लागला यातच पुष्कळ काही आले. माणसांची ओळख हे जे स्थानिक बँकेचे भांडवल, तेच भ्रष्ट झाले म्हणजे तिचे विष बनते.

याच्या उलट, ओळखीचा शुद्ध उपयोग कसा होतो हे पाहावयाचे असल्यास बायकांच्या स्वयंसाहाय्य गटांकडे पाहावे. १९९२ साली नाबार्डने हे गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. दहा-वीस बायका दरमहा ठरावीक रक्कम जमवितात, आपसांत कर्ज देतात, आणि पुढे त्यांच्या परस्पर जामिनावर बँक गटाला कर्ज देते. तारण म्हणून दागिना लागत नाही. शेजारणीचा शब्द पुरतो. १८८९ साली बडोद्याच्या कारकुनांनी जे केले, तेच आज या बायका करीत आहेत; फरक इतकाच की, त्या वेळी जे वर्तुळाबाहेर राहिले होते त्यांनीच आता आपले वर्तुळ आखले आहे.

या सर्वांतून महाजन कुटुंबांनी काय घ्यावे? देवस्थानाच्या कारभारात सर्वसाधारण सभा, अंदाजपत्रक आणि हिशेबतपासणी यांची सवय या घराण्यांना फार पूर्वीपासून आहे. १८८६ च्या आणि पुढे १९३३ च्या नियमावलीने तिला कायद्याचे रूप दिले. समईच्या तेलाचा हिशेब मागणारे महाजन ज्या सहकारी बँकेचे भागधारक असतात, तिच्या वार्षिक सभेस मात्र बहुधा जात नाहीत. गेले तर लाभांश किती टक्के एवढे विचारून परततात. तेथे विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. एकूण कर्जापैकी एक लाखाच्या आतील कर्जे किती? बायकांच्या नावे किती? थकलेल्या कर्जांपैकी मोठ्या कर्जदारांकडे किती? लाभांशाचा एक टक्का कमी झाला तरी चालेल, पण या प्रश्नांची उत्तरे अहवालात छापली जावीत, असा आग्रह भागधारकांनी धरला पाहिजे.

तसेच देवस्थानाच्या ठेवी कोठे आहेत, याचाही विचार व्हावा. देवाचा पैसा सुरक्षित असणे हे पहिले कर्तव्य. त्यात तडजोड नाही. परंतु सारख्याच सुरक्षित असलेल्या दोन बँकांपैकी एक जर आसपासच्या गावांत छोटी कर्जे देत असेल आणि दुसरी केवळ ठेवी गोळा करीत असेल, तर पहिलीला प्राधान्य देण्यास कोणती हरकत आहे? आणखी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाच्या हातची आहे. ज्याच्यापाशी तारण नाही, पण ज्याचा प्रामाणिकपणा वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर आहे, अशा एखाद्या मुंडकाराच्या वा कामकऱ्याच्या मुलासाठी जामीन राहावे. चुलतभावाला जामीन राहणे ही रीत झाली. परक्याला पारखून जामीन राहणे हे गावाचे काम झाले. उत्सवाच्या दिवशी वर्गणी देण्याने पुण्य लाभत असेलच. पण एका माणसाला त्याची स्वतःची पत मिळवून दिली, तर पुढच्या वर्षी तो वर्गणी मागणाऱ्यांत नव्हे, देणाऱ्यांत असेल.